वाळूखालचा मळा

पूर ओसरल्यावर गावात यंत्राचा पहिला आवाज आला तो बाहेरगावच्या ख्रिस्ती मंडळीच्या ट्रॅक्टरचा. तोवर गावात नुसत्या हाका चालल्या होत्या. कुणी म्हशीला हाका मारत होतं, कुणी शेजाऱ्याला. ट्रॅक्टर वळणावरून धडधडत आला तशी चिखलात उभी असलेली माणसं कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

ट्रॅक्टर तांबडा आणि जुना होता. पुढे चिखल ढकलायला लोखंडी पातं बसवलेलं आणि मागे ट्रॉली. ट्रॉलीत फावडी, घमेली, ताडपत्र्या, औषधांची पेटी आणि प्रार्थनामंदिरातली आठ-दहा माणसं दाटीवाटीनं बसली होती. चालवणारा चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा गडी. मंडळीत त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. तरुणपणी तो कचऱ्याची गाडी चालवायचा, आणि तो गाडी चालवायचा त्यापेक्षा जास्त दारूच त्याला चालवायची. बायकोनं एका रविवारी दंडाला धरून उपासनेला नेला. तिथून दारू हळूहळू सुटली. आता तो मंडळीचा ट्रॅक्टर सांभाळायचा, आणि अशा सेवेला बाहेर निघायची त्याची ही पहिलीच खेप होती. निघताना बायकोनं स्वेटर पिशवीत कोंबत बजावलं होतं, "तिथं जाऊन आपलं डोकं चालवू नकोस. पाळकसाहेब सांगतील तेवढं कर."

मंडळीच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ट्रॉलीतून उतरताच सांगितलं, आधी घरं. त्यातही म्हाताऱ्या माणसांची आधी.

म्हणून ते नदीकडच्या शेवटच्या घरी पोचले. दार आतल्या गाळानं दाबून धरलेलं. खिडकीतून बघितलं तर चूल दिसत नव्हती, नुसता करडा, गुळगुळीत गाळ पसरलेला, आणि त्यावर एक चप्पल. घरात कुणी नव्हतं. गोठ्याच्या पत्र्यावर मात्र एक म्हातारा उकिडवा बसला होता आणि डबड्यातून कशावर तरी थेंब-थेंब पाणी शिंपडत होता.

"आबा, खाली या," ड्रायव्हरनं हाक दिली. "घर साफ करायला आलोय."

"घर कुठं पळून चाललंय?" म्हातारा म्हणाला. "तू आधी वर ये."

ड्रायव्हर शिडीवरून वर गेला. पत्र्यावर लाकडी खोकी ओळीनं मांडलेली, वर जुन्या लुगड्याची सावली बांधलेली. खोक्यांमध्ये रोपं होती. कोबी, टोमॅटो, थोडी मिरची. सगळ्या गावात तेवढाच एक हिरवा रंग शिल्लक होता.

"पाणी चढायला लागलं तेव्हा पोरानं ही वर काढली," आबा म्हणाले. "शेवटचं खोकं काढताना पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. बसलाय बघ तिकडं."

गोठ्याच्या आडोशाला मुलगा बसलेला दिसला. हात झोळीत बांधलेला, तोंड वाकडं. त्याच्याशेजारी सून ओली लाकडं फुंकत होती. धुरानं डोळे लाल झालेले.

"गाद्या गेल्या, धान्य गेलं, माझं शिलाईचं यंत्र गेलं," ती वर न बघता म्हणाली. "कोबी वाचला. काय ती माणसं एकेक!" पण बोलण्यात नुसता राग नव्हता. अशा माणसांच्या घरात आपण नांदतो याचा थोडा ताठाही होता.

दिवसभर मंडळीच्या माणसांनी घर उपसलं. ड्रायव्हर गाळ ओढून बाहेर टाकत होता. मंडळीबरोबर आलेल्या नर्सबाई भिंतींना औषधी पाणी मारत होत्या. मुलाला काहीच करता येईना, म्हणून तो सगळ्यांना सूचना देत होता. ते भांडं तसं नको, तो खांब जपून. शेवटी नर्सबाईंनी त्याला एक फडकं दिलं आणि म्हणाल्या, "एका हातानं खिडकी पुसता येते." तो गप्प झाला आणि पुसायला लागला. परक्या माणसांनी आपल्या घरातली भांडी अशी उघड्यावर मांडलेली बघताना सुनेला मात्र कसंतरी होत होतं. फुटका कप, चेपलेला डबा. ती एकेक वस्तू उचलून पदराखाली झाकून गोठ्यात नेऊन ठेवत होती.

काम उरकल्यावर आबा ड्रायव्हरला घेऊन मळ्यात गेले. मळा म्हणजे घरामागचा नदीला लागून असलेला तुकडा. फार मोठा नव्हता, पण ह्या घराचं पोट त्यावरच चालायचं. आता तिथं मळा कुठला? गुडघाभर वाळू आणि गाळ, वरून वाळून तडे गेलेले. त्यातून कुणाच्या तरी घराचे पत्रे, कुंपणाची तार, एक मेलेली कोंबडी वर आलेली.

आबांनी फावडं मारलं, खालपर्यंत खणलं आणि एक मूठ काळी माती काढून ड्रायव्हरच्या हातावर ठेवली.

"बघ. खाली जिवंत आहे. वरचं हे पांघरूण तेवढं काढायचं. तुझ्या यंत्राला अर्ध्या दिवसाचं काम."

"रोपं किती दम धरतील?"

"किती म्हणजे, आताच माना टाकायला लागलीत. मुळं खोक्यात गोल-गोल फिरायला लागली की संपलं. मग लावून उपयोग नाही. आणि पुन्हा बी टाकायचं तर हंगाम जातो."

सून मागे येऊन उभी राहिली होती. "घराचं काय हो, भाऊ," ती ड्रायव्हरला म्हणाली, "आम्ही गोठ्यातसुद्धा राहू. एवढं करून द्या."

ड्रायव्हरला भरून आलं. अशी गरज लागावी, आणि आपल्याच हातात ती भागवायचं यंत्र असावं! कचऱ्याच्या गाडीवर असताना त्याची अशी वाट कुणी बघितली नव्हती.

"उद्या येतो," तो म्हणाला. "शब्द देतो, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांनी कामं वाटली आणि ट्रॅक्टर शाळेकडे लावला.

"साहेब, नदीकडच्या त्या म्हाताऱ्याचा मळा," ड्रायव्हरनं सांगून बघितलं. "रोपं मरतील."

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. झोप न झाल्यानं त्यांचे डोळे खोल गेले होते आणि पायात दोन वेगवेगळे बूट होते, कारण एक चिखलात गेला होता. "सगळ्या गावाची शेतं गाडली गेलीत," ते म्हणाले. "एकाचं केलं की दुसऱ्यानं काय घोडं मारलंय? शाळा साफ झाली की तिथं पन्नास माणसं झोपतील. आणि ताडपत्र्या पाठवणारे पाहुणे येताहेत. त्यांना काहीतरी उभं राहिलेलं दिसलं तर पुढची मदत येईल. शाळा होऊ दे, मग बघू."

त्यात खोटं काहीच नव्हतं. ड्रायव्हरनं मान हलवली.

शाळा लवकर आटोपेना. एका वर्गात भिंत पडलेली, दुसऱ्यात बाकांचा आणि झाडाच्या फांद्यांचा गुंता. ड्रायव्हर पातं खाली-वर करत राहिला. आबांनी पहिला दिवस वाट बघितली. नंतर ते स्वतः आले, लांब कुंपणाशी उभे राहिले, हात वर केला. ड्रायव्हरनंही हात वर केला आणि "उद्या" असं ओरडून सांगितलं. आबा मान डोलावून गेले. पुन्हा आले, पुन्हा उद्या. ते कधी कुरकुरले नाहीत, हेच ड्रायव्हरला जड जायला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आबा येताना दिसले की इंजिनाखाली वाकून काहीतरी आवळायला लागायचा.

मग एका दुपारी आबा थेट ट्रॅक्टरपाशीच आले. पाळकसाहेब व्हरांड्यात उभे राहून इकडेच बघत होते. ड्रायव्हर चाकाला टेकून पाणी पीत होता, त्यामुळे वाकायलाही जागा नव्हती.

"मिरची गेली," आबा म्हणाले. "टोमॅटो अजून उभा आहे. आज दोन घटका आलास तर?"

ड्रायव्हरनं पाळकसाहेबांकडे बघितलं. पुन्हा जाऊन विचारायचं, पुन्हा तेच ऐकायचं, आणि ते पुन्हा या म्हाताऱ्याला सांगायचं. त्याला कंटाळा आला. लाज वाटली, आणि लाजेचाही कंटाळा आला.

"डिझेल संपलंय, आबा," तो म्हणाला.

शब्द कसे अलगद आले. उशिरा का आलास, पगार कुठं गेला, तोंडाला वास कसला, या सगळ्याला पूर्वी तो अशीच उत्तरं देत असे. दारू सुटली होती, पण जिभेला वाट माहीत होती.

"अरेरे," आबा म्हणाले. त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवला, दमलेल्या बैलावर ठेवावा तसा. "रस्ता बंद म्हटल्यावर डिझेल तरी कुठून येणार? तुझाही इलाज नाही. आलं की सांग."

ते गेले. टाकी काठोकाठ भरलेली होती, सकाळीच त्यानं स्वतःच्या हातानं भरली होती.

घरी आबांनी सांगितलं, "ट्रॅक्टर येत नाही. डिझेल नाही बिचाऱ्याकडं." आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"तुम्ही काय करताय?" मुलगा म्हणाला.

"दोन वाफे तरी मोकळे करतो. टोमॅटोपुरते."

"हे तुमचं वय आहे का वाळू उपसायचं?"

"मग तू येतोस?" आबा म्हणाले. मुलानं झोळीतल्या हाताकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. सुनेनं घमेलं घेतलं आणि सासऱ्याच्या मागे गेली.

वाळू ओली होती तेव्हा जड होती, आणि वाळली तशी सरकायला लागली. एक घमेलं काढावं तर अर्धं परत घसरून खड्ड्यात. आबा शर्ट काढून खणत होते. छातीचा पिंजरा वर-खाली व्हायचा. चप्पल गाळात रुतते म्हणून त्यांनी ती बांधावर काढून ठेवली होती. थोडं खणलं की ते फावड्यावर हनुवटी टेकून उभे राहायचे, आणि सून तेवढ्यात ओझं टाकून यायची. मुलगाही शेवटी आला. एका हातानं दोरी धरून तो गोणपाटावरची वाळू ओढायला लागला, दुखलं की दात खायचा.

पाहुणे आले तो दिवस लख्ख उजाडला. गाळ वाळून धूळ उडायला लागली होती. पाहुण्यांची गाडी वळणापुढे येऊ शकेना, म्हणून पाळकसाहेबांनी ड्रायव्हरला पाठवलं. ट्रॉली धुतली, तीत खुर्च्या मांडल्या, आणि खुर्च्यांवर पांढरे कपडे घातलेले पाहुणे डुलत-डुलत शाळेपाशी आले. पुढची चकरही खुर्च्यांचीच, त्याच्या पुढची कर्ण्याची आणि पाण्याच्या पिंपांची. इतक्या दिवसांत ट्रॅक्टर एवढा हिंडला नव्हता.

व्हरांड्यात छोटी प्रार्थना झाली. दोन शब्द झाले. मग पाळकसाहेबांनी ड्रायव्हरला पुढे केलं. "आमचे हे बंधू साक्ष देतील. प्रभू माणसाला कसा बदलतो ते ऐका."

साक्ष त्यानं मंडळीत पुष्कळदा दिली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं पाठ होतं. "मी वाया गेलेला माणूस होतो," त्यानं सुरुवात केली. कर्ण्यातून आवाज गावभर गेला. "बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचो. आज प्रभूच्या दयेनं दारू सुटली, खोटं सुटलं, आणि मी तुमच्यासमोर—"

शाळेसमोरच्या पाण्याच्या टाकीपाशी बायकांची रांग होती. रांगेत सून होती. हातात रिकामी कळशी, पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेली वाळू चिकटलेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती ट्रॅक्टरकडे बघत होती. इंजिन बंद केलं नव्हतं. उतरायची घाई झाली म्हणून चालूच ठेवलं होतं, आणि ते धुरांड्यातून फक-फक धूर सोडत उभं होतं.

ड्रायव्हर पुढचं वाक्य विसरला. लोकांना वाटलं गहिवरला. एका पाहुण्यानं रुमाल काढला. पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हळूच मागे घेतलं.

तो पायऱ्या उतरून टाकीपाशी गेला तोवर तिची कळशी भरली होती. तिनं ती कमरेवर घेतली.

"डिझेल आलं वाटतं," ती म्हणाली. यावेळी भाऊ म्हणाली नाही.

ती गेली.

त्यानं कुणाला विचारलं नाही. पाहुणे चहा घेत होते तेवढ्यात ट्रॉली सोडवली आणि ट्रॅक्टर सरळ नदीकडे घातला.

मळ्यात आबा एकटेच होते. एवढ्या दिवसांत मोकळी झालेली जागा दोन खाटांएवढी असेल. तिच्या कडेला आबा बसले होते, पाय पुढे पसरून. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर गाळाचा थर. ट्रॅक्टर बघून त्यांचा चेहरा असा उजळला की ड्रायव्हरला वर बघवेना.

"आलं का डिझेल!" ते फावड्याचा आधार घेत उठले. "मी सुनेला म्हणत होतो, येईल तो. शब्दाचा माणूस आहे, प्रार्थनेतला आहे."

"पायाला काय झालं, आबा?"

"काही नाही. पत्र्याचा कोपरा होता वाळूत. जरा लागला."

"कधी?"

"झाले की दोन-चार दिवस. ते सोड. त्या टोकाकडून लाव, म्हणजे नदीकडे ढकलता येईल."

ड्रायव्हरला वाटलं, आधी नर्सबाईंकडे न्यावं. त्यानं तसं म्हटलंही. पण आबा म्हणाले, "आधी मळा. पाय कुठं जातोय!" आणि ड्रायव्हरनं हट्ट धरला नाही. हे त्याला पुढे जन्मभर आठवायचं होतं. त्याला त्या म्हाताऱ्याचा आनंद मोडायचा नव्हता. खरं म्हणजे त्याला स्वतःचा मोडायचा नव्हता. पात्याखाली वाळूची लाट उठायला लागली, तिच्यामागं काळी जमीन उघडी पडायला लागली, तसं त्याच्या छातीवरचं काहीतरी सरकायला लागलं होतं. आबा पुढे लंगडत चालले होते, हातवारे करत, इथं बांध, इथं पाट, हे जपून. उन्हं कलायच्या आत मळा मोकळा झाला.

सगळ्यांनी मिळून रोपं लावली. मुलगा एका हातानं खड्डे पाडत होता, सून रोप ठेवत होती, आबा गुडघ्यांवर सरकत-सरकत माती दाबत होते. पुष्कळ रोपं पिवळी पडून लोळलेली, ती बाजूला टाकली. उरलेली चार वाफ्यांना पुरली. सून ड्रायव्हरशी अवाक्षर बोलली नाही. त्यानं पुढे केलेलं रोप मात्र ती घेत होती.

आबा त्यानंतर तापले. नर्सबाईंनी फडकं सोडलं तेव्हा वासानंच त्यांनी तोंड बाजूला केलं. पाऊल सुजून चकाकत होतं, अंगठा काळा पडलेला, आणि लाल रेघ नडगीपर्यंत चढलेली. "दुखत कसं नाही तुम्हाला?" त्या ओरडल्या.

"सुरुवातीला दुखलं," आबा म्हणाले. "मग काहीच कळेना. म्हटलं, बरा झाला."

त्यांना साखरेचा आजार असावा असं नर्सबाई म्हणाल्या. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आबांनी कधी डॉक्टर बघितलाच नव्हता.

ट्रॉलीत ताडपत्री अंथरली, तिच्यावर मंडळीची सगळी घोंगडी घातली. सून आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ होती. ड्रायव्हर एकेक चाक जपून उतरवत होता, तरी प्रत्येक हिसक्याला मागून आबांचं कण्हणं यायचं, आणि लगेच त्यांचाच आवाज, "चालू दे, चालू दे." सावकाश जावं तर उशीर, भरभर जावं तर हाल. त्यानं वाटेत किती प्रार्थना केली त्याचा हिशेब नाही. सगळी एकच होती आणि अर्धवट होती.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय बघितला आणि थोड्या वेळानं येऊन सांगितलं की गुडघ्याखाली काढावा लागेल. दोन दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. हे ते सहज म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. सून भिंतीला टेकून खाली बसली.

पाय गेला.

ड्रायव्हरनं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. शाळेच्या मागे, फावडी धुताना. पाळकसाहेबांनी हातातल्या फावड्यावरचा गाळ बोटानं खरवडला.

"मी तुला शाळेवर लावलं," ते म्हणाले. "त्यातलं माझ्याही वाट्याला येतं."

"तुम्ही खोटं बोलायला नव्हतं सांगितलं."

"नव्हतं. पण तुला खरं बोलायला जागाही ठेवली नाही मी." त्यांनी फावडं पाण्यात बुडवलं. "जा. त्यांना सांगून टाक. आपण गाव सोडायच्या आधी."

म्हणून तो सकाळी इस्पितळात गेला. वाटभर त्यानं वाक्य जुळवलं होतं. सून वॉर्डच्या बाहेर, नळाखाली आबांचा सदरा पिळत होती. तिच्या हातांवर वाळूनं पडलेले फोड आता सुकून कडक झाले होते.

"त्यांना सांगायचंय मला," तो म्हणाला. "डिझेलचं. माफी मागायचीय."

तिनं सदरा झटकला. मग म्हणाली, "नका सांगू."

"अहो, पण माझ्या मनाला—"

"तुमच्या मनाचं माहीत आहे मला. तुमच्या मनावरचं उतरेल आणि त्यांच्या मनावर चढेल. पाय गेला त्याला ते नशीब म्हणतात, पूर म्हणतात. पुरावर कुणाचा राग धरता येत नाही, म्हणून माणूस झोपतो तरी. उद्या त्यांना कळलं, पाय गेला तो एका माणसाच्या तोंडातल्या वाऱ्यानं, तर?" तिचा आवाज चढला नव्हता. "सगळ्या वॉर्डला सांगत असतात तुमच्याबद्दल. तेवढंच बोलतात दिवसभर. तेही काढून घेणार त्यांचं?"

त्यानं विचारलं, "मग मी काय करू?"

"मला काय विचारता? मी काय माफी दिलीय का तुम्हाला?" तिनं सदरा दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या. "सांगायचं असेल तर तुमच्या देवाला सांगा. तो ऐकतो म्हणता ना!" मग आत बघत म्हणाली, "आलाच आहात तर चला. त्यांना उठवून बसवायचंय. माझ्या एकटीला झेपत नाही, आणि ह्यांचा हात अजून तसाच आहे."

आत आबा छताकडे बघत पडले होते. दाढी वाढलेली, चेहरा निम्मा झालेला. ड्रायव्हरला बघून ते शेजारच्या खाटेकडे वळले. "हा बघा, हाच तो. ह्यानं मळा काढला माझा. सगळ्यांची कामं टाकून आला. डिझेल मिळालं तसा पहिला माझ्याकडं आला."

शेजारच्या माणसानं ड्रायव्हरला हात जोडले. ड्रायव्हरनंही जोडले. दुसरं काय करणार?

"इकडनं धरा," सून म्हणाली.

त्यानं आबांच्या काखेत हात घातले. उचलताना त्यानं जोर लावला तो जास्तच झाला, इतका जीव हलका होता. चादर एका बाजूला सपाट खाली पडली. सुनेनं ती पटकन ओढून नीट केली आणि उशी पाठीमागे लावली.

"कोबी कसा आहे?" आबांनी विचारलं.

"धरलाय," ड्रायव्हर म्हणाला. "नवं पान आलंय." हे खरं होतं. येताना तो मुद्दाम मळ्यावरून आला होता. टोमॅटोची निम्मी रोपं गेली होती, ते त्यानं सांगितलं नाही. मग थांबला आणि तेही सांगितलं. "टोमॅटो निम्मा गेला, आबा."

"जाणारच. उशीर झाला ना." आबांनी मान हलवली, कुणाला दोष न देता. "निम्मा राहिला हेच पुष्कळ. तू निघालास आता?"

"दुपारी निघतोय."

"मग जायच्या आधी एक कर. तुमची ती प्रार्थना म्हण माझ्यासाठी. मला काही त्यातलं येत नाही, पण तू म्हण. तुझं ऐकेल तो."

ड्रायव्हरनं सुनेकडं बघितलं. ती खाटेच्या पायाशी उभी होती, आणि तिनं नजर खाली वळवली. त्यानं आबांचा हात हातात घेतला. नखांत अजून मळ्यातली माती होती. त्यानं डोळे मिटले. "हे प्रभू," तो म्हणाला.

पुढं काही येईना. मंडळीत तो अर्धा-अर्धा तास बोलायचा, तेव्हा शब्द रांग लावून उभे असायचे. आता जो शब्द उचलावा तो हातातच मोडत होता. वॉर्डमध्ये कुणीतरी खोकलं. बाहेर नळ ठिबकत होता. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि तो तसाच बसून राहिला, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आबांनी बराच वेळ वाट बघितली. मग त्यांना वाटलं, झालं असावं. त्यांनी त्याचा हात थोपटला आणि साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, समाधानानं म्हणाले, "आमेन."